कल्हईच्या भांड्याला कल्हई

पुण्याच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "दिवाळी अंकासाठी तुमच्या दुकानातल्या आठवणी लिहा. दोन हजार शब्द चालतील." मी विचारलं, "मोजून देऊ की वजनावर?" एकतीस वर्षं भांड्यांच्या दुकानात उभी राहिलेली बाई दुसरं काय विचारणार! त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मराठीतच लिहा हं. फार गोड असतं ते." लहान मूल बोबडं बोललं की म्हणतात ना, तसं. मी मनावर घेतलं नाही.

आम्ही कुंभकोणम्‌चे मराठी. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. माझी शाळा आठवीपर्यंत, तीही तमिळ. देवनागरी मी घरातल्या पोथीवरून शिकले आणि बाकीची अक्षरं भांड्यांवरून. आमच्या दुकानात भांडं विकलं की त्यावर नाव कोरून द्यायची पद्धत. लहान छिन्नी, लहान हातोडी, आणि एकेक ठिपका ठोकत अक्षर काढायचं. तमिळ, तेलुगू, कन्नड, ज्याची जी लिपी असेल ती. मुदलाळींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "अक्षर चुकलं तर भांडं तुझं." पितळेवर खोडरबर चालत नाही. माझ्या स्वयंपाकघरात अजून कोण्या सुब्बम्माची परात आहे. तिच्या नावात मी एक 'ब' जास्त ठोकला होता. परात उत्तम आहे.

तर एकतीस वर्षांतल्या सगळ्या आठवणी इथे मांडत बसले तर दिवाळी उलटून पोंगल येईल. मी एकाच शब्दाचं सांगते. कल्हई.

ज्यांनी कल्हई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पितळेच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं, खाल्लं तर पोट बिघडतं. म्हणून आतून कथलाचा हात देतात. भांडं तापवायचं, चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायची. आत चंद्र उगवतो. आमच्या दुकानामागे मस्तानभाई हे काम करत. त्यांच्या तोंडी 'क़लई'. ते म्हणत, "अक्का, अरबीत हा मुलामा नव्हेच. क़लई म्हणजे ते कथीलच."

त्यावर कॉलेजातले इतिहासाचे एक प्रोफेसर आमच्या काउंटरवर उभे राहून तासभर बोलले होते. समुद्रापलीकडे मलायाच्या बाजूला एक बंदर होतं, अरब त्याला कलह म्हणत, कथील तिथून यायचं, म्हणून ते कलई, असं पुष्कळ विद्वान मानतात म्हणे. आणि त्याच मुलखाला आमचे तमिळ लोक म्हणत कडारम्. ज्या चोळ राजानं गलबतं नेऊन तो मुलूख जिंकला त्याचं देऊळ इथून बसने तासाभरावर. पुन्हा तमिळमध्ये कडारम् म्हणजे मोठी काहीलही, लग्नाच्या स्वयंपाकाची. ती आम्ही विकत होतो. प्रोफेसरांचा चेहरा नुसता उजळला होता. ज्या वाढायच्या डावासाठी आले होते तो न घेताच गेले.

मी मात्र त्या दिवशी घरी जाताना विचार करत होते. आमच्या नदीच्या मुखातून गलबतं जिथे जायची तिथलं ते नाव. ते अरबांकडे गेलं, फारशीत शिरलं, दिल्लीला गेलं, तिथून महाराष्ट्रात उतरलं आणि मधे एक 'ह' घेऊन बसलं. मग आमच्या पूर्वजांच्या बैलगाडीतून परत इथे आलं. वाटेत तो 'ह' कुठेतरी सांडला, आमच्या घरात आपलं 'कलाय'. एवढं जग फिरून शेजारच्या गल्लीत!

प्रत्येक गिऱ्हाईक ह्या शब्दाचं काहीतरी निराळं घेऊन यायचं. आंध्रातल्या बायका 'कळाय' मागायच्या, त्यांना हवी असायची कढई. बँकेतल्या उत्तरेकडच्या साहेबांची बायको एकदा खुशीत आली. "हमारे साहब की कलई खुल गई!" म्हणजे साहेब ऑफिसच्या कामाला म्हणून गेले होते ते सिनेमाला सापडले. आणि हल्ली कॉलेजातल्या पोरी एकमेकींना म्हणतात, "कलाय्क्कादे!" म्हणजे चिडवू नकोस. ह्या कलायचं आणि आमच्या कलायचं रक्ताचं नातं आहे की नाही ते प्रोफेसरांना विचारायचं राहिलं. मस्तानभाईंचा निकाल तयार होता. "मी भांडं तापवतो, पोरी माणूस तापवतात. धंदा एकच."

पण आमच्या गावची गंमत पुढेच आहे. बाकीच्या जगात कथील भांड्याला लावतात, आमच्या इथे अख्खं भांडंच कथलाचं करतात. कथलाला तमिळमध्ये ईयम्, म्हणून तो ईयचंबू. तमिळ लोक रसम म्हणतात ते आमच्या घरात सार. ते ह्या चंबूत केलं की जी चव येते ती स्टीलमध्ये येत नाही. का, ते मला विचारू नका. मी फक्त विकत होते.

चंबू खरा की त्यात शिसं मिसळलंय, ते पाहायच्या दोन युक्त्या. कागदावर घासायचा. काळी रेघ उठली तर शिसं आहे, दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडायचं. दुसरी युक्ती, कथलाची पट्टी कानाशी धरून वाकवायची. शुद्ध असेल तर ती कुरकुरते, रडल्यासारखी. चेन्नईचे एक निवृत्त गृहस्थ तेवढ्यासाठी चंबू परत घेऊन आले होते. "दाबलं की ओरडतो. मला शांत भांडं द्या." त्यांना शांत भांडं दिलं असतं तर ते आजारी पडले असते.

आणि चंबूची एक खोड. त्यात पाणी असेल तोवर तो आगीवर शहाण्यासारखा बसतो. रिकामा ठेवलात की संपला. कढईत लोणी विरघळावं तसा विरघळतो.

ह्या आमच्या गल्ल्यांमध्ये चंबू वितळला नाही असं घर नाही. पण तसं कबूल करणारंही घर नाही. वितळलेला गोळा फडक्यात बांधून, पिशवीत कोथिंबिरीखाली लपवून बायका यायच्या. मी काही विचारायची नाही. मुदलाळींचा कडक नियम, कोणाच्या घरी वितळलं ते काउंटरपलीकडे जाता कामा नये. गोळा घ्यायचा, आसारीकडे, म्हणजे कारागिराकडे पाठवायचा, त्याच कथलाचा पुन्हा चंबू घडवून द्यायचा. नवं कथील घेतलं तर तो परका चंबू. त्याच कथलाचा केला तर तो सासूबाईंचाच. अशी आमच्याकडची समजूत, आणि ह्या समजुतीवर कितीतरी संसार सुखाने चालले आहेत. एक वकील तर कोर्टाच्या बॅगेतून गोळा घेऊन आले होते. बायको देवळात गेलेली असताना ह्यांनी कॉफी करायला घेतली होती.

आता मुग्धाचं सांगते. ही पुण्याची. आमच्या रुक्माअक्कांची सून. रुक्माअक्का मला दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आमच्या आळीतल्या, कडक. मुलगा इथल्या कॉलेजात शिकवतो, मुग्धा घरी बसून लॅपटॉपवर पुण्याच्या कंपनीचं काम करते. आणि माझं हे हस्ताक्षर लागतं असं गावात एकच माणूस आहे, ते म्हणजे तीच. हा लेख तीच टाइप करते आहे. मुग्धा, लाजू नकोस, आणि एक ओळ गाळू नकोस.

लग्न होऊन दोन वर्षं झाली होती तरी अक्कांनी मुग्धाला सार करू दिलं नव्हतं. भात लाव म्हणायच्या, कोशिंबीर कर म्हणायच्या. साराला हात लावायला गेली की, "तूं राहूं दे. तुमच्या पुण्यांत साराला आमटीचं पाणी म्हणतात." मुग्धा माझ्याकडे यायची, काउंटरला टेकून उभी राहायची. "काकू, मी त्या घरात पाहुणी आहे हो. पाहुणीला कोणी काम सांगत नाही, रागवत पण नाही."

मग अक्कांची लेक तिरुचीला बाळंत झाली. अक्का दहा दिवसांसाठी निघाल्या. निघताना चंबू फळीवरून काढून मुग्धाच्या हातात दिला. "सार तूं कर. अस्की रीत तुज ठाऊक आहे." अस्की म्हणजे सगळी. तो चंबू अक्कांच्या सासूचा. त्यावर सासूच्या नावाची दोन तमिळ अक्षरं, आणि अक्षरांशेजारी अंगठा बसेल एवढा पोचा. रिकामा आगीवर ठेवू नकोस, हे अक्कांनी सांगितलं नाही. विसरल्या नव्हत्या. आमच्याकडे हे कोणी कोणाला सांगत नाही. दिव्यात तेल घाल असं कोणी सांगतं का?

मुग्धानं चंबू निरखून पाहिला. काळपट, निस्तेज. लहानपणी पुण्यात आजोळच्या बोळात कल्हईवाला यायचा, ते तिला आठवलं. तिला वाटलं, आत पितळ असेल, कल्हई पार उडाली आहे, आणि सासूबाई तरी तशाच वापरताहेत. त्या परत येतील तेव्हा चंबू चंद्रासारखा करून ठेवू. तिनं ऑनलाइन नवसागर मागवला. कथलाची कांडी मागवली. व्हिडिओ लावला. आणि चंबू रिकामा करून, पुसून, कोरडा करून मोठ्या गॅसवर ठेवला.

दुपारी ती दुकानात आली. डब्यातून गोळा काढला.

"काकू, भांडं बसलं."

"बसलं म्हणजे?"

"आधी वाकलं. नमस्कार केल्यासारखं. मग बसलं. मग शेगडीत गेलं."

"पण रिकामं ठेवलंसच कशाला?"

"कल्हई करत होते."

मी स्टुलावर बसले. एवढ्या वर्षांत काय काय ऐकलं होतं! कॉफी, टेलिफोन, दारात आलेली शेजारीण, टीव्हीवरची मालिका. पण कल्हईच्याच भांड्याला कल्हई? मी हसत सुटले. मस्तानभाई मागून धावत आले, त्यांना सांगितलं, तर त्यांनी भिंतीचा आधार घेतला. आमचं हसून झालं तेव्हा दिसलं, मुग्धा रडत होती.

"त्यांनी पहिल्यांदा दिला होता हो मला. आता पुन्हा कधी देणार नाहीत. कधीच नाही."

ते खरं होतं. मी अक्कांना ओळखत होते. चंबू गेल्याचं त्यांनी सोसलं असतं, पण सार पुन्हा मुग्धाच्या हाती गेलं नसतं.

हातात सहा दिवस होते. मी गोळा घेऊन पट्टीश्वरम्‌च्या बसने रत्नम आसारींकडे गेले. मुग्धाला बरोबर घेतलं. आसारींनी गोळा तळहातावर तोलला आणि म्हणाले, "कमी आहे. उरलेला कुठे?" मुग्धानं पिशवीतून अख्खी शेगडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती खरवडली. तरी पुरेना. मुग्धा म्हणाली, "माझी कांडी आहे ना, ऑनलाइनची." आसारींनी ती कागदावर ओढली. शाळेतल्या पेन्सिलीसारखी रेघ उठली. शिसं! आसारींनी कांडी दोन बोटांत धरून परत केली, मेलेली पाल धरावी तशी. उरलेलं कथील मग मी आमच्या दुकानातलं दिलं.

पत्रा ओतला, लाकडी हातोडीने ठोकून ठोकून चंबूला आकार आला. अक्षरं मी घातली. प्रश्न राहिला पोच्याचा. अक्षरांच्या कुठल्या बाजूला? मुग्धाला आठवेना. मग तिला फोनमधला एक फोटो सापडला. तिनं स्वतःच स्वतःचा काढलेला, पहिल्या पुरणपोळीबरोबरचा, आणि मागे फळीवर चंबू. अक्षरं म्हणजे नुसता डाग दिसत होता, पण पोचा स्पष्ट, डागाच्या उजवीकडे. आसारींनी फोटो मोठा केला, डोळ्यांजवळ नेला, गुळगुळीत दगडाने एकच ठोका दिला. हुबेहूब.

राहिली कळा. नवा चंबू फार चकचकीत होता. मी म्हटलं, "सार कर. करत राहा." तीन दिवसांत तिनं सात वेळा सार केलं. आळीत वाटलं. चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "मामी, आमच्या घरी कोणी आजारी आहे काय? सकाळ-संध्याकाळ सारच चाललंय."

रविवारी अक्का परतल्या. सोमवारी मुग्धाचा फोन आला, "काकू, त्या जेवल्या. काही बोलल्या नाहीत!" आम्हाला वाटलं, जिंकलो.

मुग्धा, इथून पुढचं तुला ठाऊक नाही. चहा घ्यायचा असेल तर घेऊन ये आणि मग टाइप कर.

मंगळवारी सकाळी मी दुकान उघडून उदबत्ती लावत होते, तो अक्का आल्या. हातात पितळेचं पातेलं. "कलाय पाहिजे," म्हणाल्या. पातेल्यात टॉवेल होता. टॉवेलात चंबू.

"कमळे, जेविलीस काय?"

"अजून कोठें, अक्का. नऊच वाजलेत."

"ह्यास पाहा." त्यांनी चंबू पुढे केला, दोन्ही हातांत धरून दाखवला. "चाळीस वर्षं माझा डावा अंगठा इथं बसत होता. अक्षरांच्या डावीकडे. काल बसेना. पोचा गेला उजवीकडे. मज वाटलं, मजच काही झालं. तोंड वाकडं झालंय का, आरशांत पाहून आलें."

मी हातातली उदबत्ती खोचली. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात डावं ते उजवं दिसतं, हे मला नंतर फोन दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं. तेव्हा नियम आठवला फक्त.

"मज काय ठाऊक, अक्का."

"तुज ठाऊक नाही? हीं अक्षरं कोणाचीं? तुझ्या हातचा फराटा मी ओळखत नाही? माझ्या घरांत सोळा भांडीं आहेत तुझ्या अक्षरांचीं."

मी एक चमचा उचलला आणि पुसायला लागले. स्वच्छच होता.

"रडली काय?"

मी चमचा पुसत राहिले.

"रडली म्हणजे." अक्कांनी टॉवेलाची घडी घातली. "सार बरं केलं होतं. जरा पातळ. पण जिऱ्याचा हात बरा आहे."

"मग तिला सांगा की तसं."

"सांगूं? मग तिला कळेल, मज कळलं. मग ती त्या भांड्यास पुन्हा हात लावील काय? मी सून होतें तेव्हां माझ्या हातून साधा तेलाचा बुधला फुटला होता. सासूबाई रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, मी पाहिलं. वर्षभर मी तेल वाढलं नाही." त्यांनी चंबू माझ्याकडे सरकवला. "डावीकडे एक काढून दे."

"काय?"

"पोचा ग! माझा अंगठा कोठें ठेवूं?"

मी मोठ्या डावाची पाठ घेतली आणि अक्षरांच्या डावीकडे एक ठोका दिला. चंबू कुरकुरला. अक्कांनी अंगठा ठेवून पाहिला, चंबू टॉवेलात गुंडाळला आणि पातेलं कलायला टाकून निघून गेल्या. त्या पातेल्याला कलायची काही गरज नव्हती. मस्तानभाईंनी आत पाहिलं आणि मान डोलवली.

गुरुवारी मुग्धा धावत आली. "काकू, दुसरा पोचा आलाय!"

"ईय मऊ असतं ग. फळीवरून पडलं असेल."

मी धडधडीत खोटं बोलले. त्याचं अजून वाईट वाटतं. दसऱ्याच्या सेलमध्ये बोलले ते धरत नाही, तो धंदा होता. पण ही पोर त्यानंतर महिनाभर चंबू फळीच्या आतल्या कोपऱ्यात, चारी बाजूंनी फडकी लावून ठेवत होती.

ह्याला तीन वर्षं झाली. मस्तानभाई मुलाकडे राहायला गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. दुकानाच्या मागे आता मिक्सरची खोकी रचलेली असतात. नावं घालायला इलेक्ट्रिकची पेन्सिल आली, अक्षर सरसर निघतं, पण त्याला हात नसतो. कोणाचं अक्षर ते ओळखता येत नाही. मी गेल्या वर्षी दुकान सोडलं. कोणी कल्हईचं विचारलं तर मला सांगता येत नाही कुठे पाठवू. एवढं जग हिंडून आलेला शब्द, आणि आमच्या गावात त्याला बसायला जागा नाही.

गेल्या महिन्यात अक्का देवळाच्या ओवरीत भेटल्या. हाताला कंप सुटलाय. पळी धरवत नाही. आता सार रोज मुग्धाच करते. मला म्हणाल्या, "पुण्याच्या पुस्तकांत लिहित्येस म्हणे."

"हो अक्का."

"मग ते पोच्याचं लिही."

"नियम आहे अक्का. काउंटरपलीकडे जायचं नाही."

"तूं आतां काउंटरच्या पलीकडेच आहेस." मग म्हणाल्या, "मी तीन वर्षं बोलायला जात्यें आणि म्हणत्यें, मीठ कमी आहे. तुझं अक्षर तीच टाइप करत्ये ना? मग लिही. मीठ कधीं कमी नव्हतं, तेंही लिही."

लिहिलं.

तर मुग्धा, हे संपादकबाईंना पाठव, लॅपटॉप बंद कर आणि स्वयंपाकघरात जा. अक्कांना देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा काय लिहिलंय ते तुला तोंडीच सांगावं लागेल. त्या आधी फळीवरून चंबू काढ. त्यांचा अंगठा डावीकडे, तुझा उजवीकडे. आणि त्या दिवशी कोणी सांगितलं नाही ते मी आज सांगते. आधी पाणी घाल, मग गॅस लाव, मग बोल.